बत्तीस नंबरची फाइल

१

फायलींच्या कपाटात तीस नंबरनंतर एकदम तेहतीस नंबर होता. मधल्या दोन फायलींच्या जागी मी बोट फिरवून पाहिलं. बाकी सगळ्या फायलींवर बोटभर धूळ, आणि इथला पत्रा मात्र लख्ख. म्हणजे फायली उंदरांनी नेल्या नव्हत्या आणि दहा वर्षांपूर्वीही गेल्या नव्हत्या. अलीकडेच कुणीतरी नीट फडकं मारून नेल्या होत्या.

मी आले होते एकतीस नंबरसाठी. एकतीस नंबर म्हणजे एक शिवणशिक्षिका, वय त्रेचाळीस. अठरा दिवसांपूर्वी वर्गात फळ्यावर बाहीचं कटिंग काढून दाखवताना तिने खडू खाली ठेवला, डोकं धरलं, "मुलींनो, जरा थांबा" म्हणाली आणि खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला होता. डॉक्टर लोक याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हीच बाई याच हॉस्पिटलात, एका संशोधनासाठी, धडधाकट माणूस म्हणून डोक्याचा स्कॅन करून गेली होती. हॉस्पिटलने तिला पत्र दिलं होतं : काही दोष आढळला नाही. आता तिच्या बहिणीने अर्ज केला होता की तो जुना स्कॅन मला बघायचा आहे. एवढीच साधी मागणी.

तक्रार समितीवर नियमाप्रमाणे एक बाहेरचा माणूस लागतो, आणि तो फार शहाणा नसावा अशी विश्वस्तांची इच्छा असते. म्हणून मी. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं पाइप, व्हॉल्व्ह आणि गळती बघितलेली बाई. हॉस्पिटलात मला मागे 'पाणीबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं, ठाऊक नाही.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडेच. तिघेही माझ्या मागे उभे होते. संशोधनाचे प्रमुख, म्हणजे मेंदूचे मोठे डॉक्टर. सगळे स्कॅन वाचणारे वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे फिल्मवाले डॉक्टर म्हणत. आणि रक्ताच्या प्रवाहाचा हिशेब मांडणारी इंजिनिअर, गणितबाई.

"एकतीस गेली, समजलं," मी म्हटलं. "बत्तीस कोणाची?"

फिल्मवाल्यांनी नोंदवही उघडली, चष्मा वर केला आणि खाली केला. "त्याच बाईंच्या धाकट्या बहिणीची. दोघी एकाच दिवशी आल्या होत्या."

मेलेल्या बाईची फाइल कुणी का लपवेल हे मला पाणीपुरवठ्याच्या अकलेनेही कळत होतं. पण धाकटी जिवंत होती. ती बाहेर बाकावर बसली होती.

२

धाकटी औषधांच्या दुकानात काम करते. चाळिशीला टेकलेली, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या नजरेला नजर देणारी. मी तिच्या शेजारी बसले, कारण टेबलापलीकडून बोलणाऱ्या माणसांचा तिला पुरेसा अनुभव आलेला दिसत होता.

"मला नुकसानभरपाई वगैरे नको, मॅडम," ती आधीच म्हणाली. "मला एवढंच कळायला पाहिजे, की तेव्हा ताईच्या डोक्यात काही होतं का. नसेल तर नसेल. नशीब म्हणून गप्प बसेन."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझा स्कॅन केला का पुन्हा?"

"मी विचारलं होतं ना. दहाव्याच दिवशी आले होते मोठ्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, तुझा दोन वर्षांपूर्वीचा अगदी स्वच्छ आहे, उगीच घाबरू नकोस, सहा महिन्यांनी ये. फार चांगलं बोलले. ताईचं नाव घेऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

येताना मी त्यांच्या दाराशेजारची पाटी वाचून आले होते. रिकाम्या वेळात पाट्या वाचायची मला खोड आहे. त्यावर ठळक अक्षरांत होतं : घरातलं सख्खं माणूस या आजाराने गेलं असेल तर महिन्याच्या आत स्वतःची तपासणी करून घ्या. खाली सही मोठ्या डॉक्टरांची.

धाकटीने पर्समधून रुमालाची घडी काढली. आत एक पारदर्शक, कडक वस्तू होती, झाडाच्या फांद्यांसारखी.

"ही ताईची. संशोधनात भाग घेतला म्हणून आम्हा दोघींना भेट दिली होती. स्कॅन झाला, तो कुणी वाचायच्याही आधी खालच्या थ्रीडी छपाईच्या मशीनला लावला, आणि संध्याकाळी ही हातात आली. आपल्याच डोक्यातल्या धमन्या, चौपट मोठ्या करून. ताई टेबलावर ठेवायची, पॅटर्नचे कागद उडू नयेत म्हणून."

मी ती उलटीपालटी केली. पुढच्या बाजूला, जिथे धमनी दोन वाटांना फुटत होती, त्या बेचक्यात एक टपोरा कण होता. वाटाण्याएवढा.

"हे काय?"

"ताई म्हणायची, मशीनचा थेंब गळलाय. तिला असलं ओबडधोबड खपायचं नाही. नेलफाइलने घासून काढणार होती. मीच म्हटलं, राहू दे गं, आठवण आहे."

मी ती वस्तू परत रुमालावर ठेवली. "तुझी कुठे आहे?"

"घरी. कुठल्या तरी खणात असेल. मी कधी नीट पाहिलीसुद्धा नाही."

"उद्या सकाळी घेऊन ये," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा मी प्रयत्न केला, पण तो जमला नसावा. तिने माझ्याकडे बघितलं आणि रुमालाची घडी पुन्हा घालायला तिला बराच वेळ लागला.

३

गणितबाईची खोली तळमजल्यावर, खिडकी नसलेली. पंचेचाळिशीची बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, माणसांशी बोलायची सवय मोडलेली. पण प्रवाहाचा विषय काढला आणि बाई फुलली. आम्ही दोघी एकाच जातीच्या निघालो. दोघींचं आयुष्य नळ्यांत गेलेलं.

"तुम्हाला सांगायला सोपं आहे," ती म्हणाली. "मुख्य लाइन जिथे दोन्हीकडे फुटते, तिथला टी-जॉइंट आधी का झिजतो?"

"पाणी सरळ येऊन तिथेच आपटतं."

"रक्ताचंही तेच. फाट्याच्या बेचक्यात धार आपटते, आणि तिथून दोन्ही वाटांना वळताना भिंतीला जोरात घासत जाते. आता लोखंडाला काही कळत नाही, पण धमनीच्या आतल्या अस्तराला हे घासणं कळतं. जरा जास्त झालं तर ते सावरून घेतं. फारच जास्त, आणि दोन पावलांवर एकदम कमी-जास्त होत असेल, तर अस्तर बिथरतं. आतला रबरासारखा थर विरतो, भिंत पातळ होते आणि बाहेर फुगते. सुरुवात अशी होते. एकदा फुगा आला की उलटाच खेळ. आत रक्त मंद होऊन गरगरत राहतं, आणि ती आजारी भिंत आणखी कुजत जाते."

"आणि कुणाला येणार, हे आधी कळतं?"

"तेच तर सात वर्षं चाललंय!" ती उठून भिंतीवरच्या मोठ्या पोस्टरकडे गेली. "ही पाहा. स्वयंसेवक अ. मेंदूच्या पुढच्या भागाला डावी-उजवीकडून दोन धमन्या रक्त देतात. हिची डावी जन्मतःच दोऱ्यासारखी. म्हणजे उजवीवर दुप्पट भार."

"दोन पंपांचं काम एका पंपावर."

"अगदी! त्यामुळे हिच्या या बेचक्यात घर्षण भयंकर. स्कॅनमध्ये फुगा नव्हता, तरी माझ्या सूत्राने जागा दाखवली. आणि दोन वर्षांनी फुगा नेमका तिथेच आला. साठ धडधाकट लोकांत एकच, पण आला! सर पुढच्या महिन्यात परिषदेत हे मांडणार आहेत."

तिचा आनंद इतका निर्मळ होता, की ती एका मेलेल्या बाईबद्दल बोलते आहे हे तिला ठाऊकच नाही, हे माझ्या लक्षात आलं. तिच्यापर्यंत नुसते नंबर येत, आणि पोस्टरवर तर नंबरही नव्हता.

मी चित्राजवळ गेले. लाल-पिवळ्या रंगांत रंगवलेली धमनी. चाळीस वर्षं वापरातली कुठलीही नळी आतून खडबडीत असते. इथेही सगळीकडे बारीक चढउतार होते. फक्त त्या लालभडक बेचक्यात, नखाएवढ्या जागेत, भिंत एकदम गुळगुळीत होती.

"इथे गिलावा केल्यासारखा का दिसतोय?" मी विचारलं.

गणितबाई हसत पुढे आली, आणि तिचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"इथे पुसलंय," ती म्हणाली.

"काय पुसलंय?"

ती खुर्चीत बसली. मग सावकाश सांगू लागली. त्यांच्याकडे दोन प्रकारचे स्कॅन येत. लाल चिकटपट्टीचे रुग्णांचे, हिरव्या चिकटपट्टीचे धडधाकट लोकांचे. रुग्णाला फुगा आलेलाच असतो, पण तो येण्याआधी तिथे घर्षण किती होतं, हे तिला बघायचं असतं. म्हणून ती संगणकावर फुगा पुसते, भिंत लिंपून सरळ करते आणि 'आधीची' धमनी तयार करते. लाल आला की पुसायचा. चारशे वेळा पुसलाय. हिरव्याला हात लावायचा नाही.

"मग या अ-ला का लावला?"

तिने खणातून हाताने लिहिलेली जाडजूड वही काढली. संगणकावर तिचा विश्वास नव्हता. देव तिचं भलं करो. आकृतीचं माप जुळवत तिने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

नंबर एकतीस. लाल. पुसला.

त्याच्या खाली : नंबर बत्तीस. लाल. पुसला.

वरच्या नोंदवहीत या दोन्ही नंबरांपुढे हिरवी खूण होती. ती मी सकाळीच पाहिली होती.

"म्हणजे माझ्या सूत्राने काहीच ओळखलं नाही?" गणितबाईने विचारलं.

मला तिची दया आली, पण खोटं बोलायला मी त्या इमारतीत नवखी होते. "तुम्ही जिथून फुगा काढलात, तिथेच सूत्राने बोट दाखवलं," मी म्हटलं, आणि एकतीस नंबरची बाई आता नाही, हेही सांगितलं.

४

एक गोष्ट पक्की झाली. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दोघी बहिणींचे फुगे पाहिले होते. पाहिल्याशिवाय लाल पट्टी लागत नाही. आणि नंतर कुणीतरी त्याच दोघींना हिरव्यांत सरकवलं होतं.

फिल्मवाले डॉक्टर मला त्यांच्या अंधाऱ्या खोलीत भेटले. निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस. बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले.

"लाल पट्टी मी लावली," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "दोघींनाही. दोन-दोन मिलिमीटरचे होते, नुकतेच आलेले. फायलीत चिठ्ठीही लावली : फुगा आहे, बोलावून सांगावे."

"मग?"

"सर म्हणाले, मी स्वतः सांगतो, तुम्ही नका त्रास घेऊ."

"आणि सांगितलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही."

"दोन वर्षं."

"बाई, मी दिवसाला साठ स्कॅन वाचतो."

"त्यातल्या अठ्ठावन्नांबद्दल मी विचारलं नाही," मी म्हटलं. "मूळ स्कॅन संगणकावर असतील ना?"

"जागा पुरत नाही म्हणून दोन वर्षांवरचे पुसतात. गेल्या आठवड्यात पुसले. आदेश वरून आला." त्यांनी हात चोळले. "ती चिठ्ठी मिळाली तर बघा हो. माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

त्यांच्या तोंडावर दार आपटावं असं मला वाटत होतं. पण ते खरं बोलत होते की नाही, हा प्रश्न वेगळा. मोठे डॉक्टर उद्या म्हणतील, चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती, याच म्हाताऱ्याने पट्ट्यांचा घोळ घातला आणि आता फायली पळवल्या. एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द, आणि मधला कागद नाही.

पाण्याच्या खात्यात अशा वेळी आम्ही माणसांना विचारणं बंद करायचो आणि लाइन उकरायचो.

५

सकाळी साडेनऊला धाकटी आली. तिच्या हातात रुमाल नव्हता. मूठ होती.

"बघायची गरज नाही, मॅडम," ती म्हणाली. "बसमध्येच हाताला लागलं."

तिने मूठ उघडली. त्याच बेचक्यात, तसाच कण. मशीनचा थेंब दोघींच्या भेटवस्तूंवर, नेमका त्याच ठिकाणी गळणार नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची आवश्यकता नव्हती.

मी तिला टॅक्सीत घातलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे ओळख नव्हती, म्हणूनच नेलं. स्कॅन झाला. तिथल्या सर्जन म्हणजे ठेंगण्या, तुटक बोलणाऱ्या बाई. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनने दाखवलं. पाच मिलिमीटर. कडेला आणखी एक छोटं टेंगूळ. "हे टेंगूळ मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "बंद करायला हवा. पण माझ्याकडे तीन आठवड्यांची रांग आहे, आणि त्या रांगेत तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत."

धाकटीने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी दोन मिलिमीटर असेल तर?"

"तर मी कदाचित लगेच हातही लावला नसता. सांगितलं असतं, प्रेशर सांभाळा, सहा महिन्यांनी या. वाढतोय असं दिसलं असतं, त्या दिवशी बंद केला असता."

धाकटी पायऱ्यांवर बसली. रडेल असं मला वाटलं. तिने औषधाच्या दुकानात फोन केला आणि आपली सुट्टी मांडून ठेवायला सांगितली.

६

मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही. त्यांनी ते पाहिलं आणि फोनवर बाहेर सांगितलं, की आता कुणाला आत सोडू नका.

"फायली तुम्ही नेल्यात," मी म्हटलं.

"पुरावा?"

"चोराने दोन नेल्या, हाच. एकतीस नंबर नेणं समजतं, तिची तक्रार होती. बत्तीस नंबरची कुणी तक्रारच केली नव्हती. ती नेणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, की त्या फायलीतही तेच आहे. गणितबाईंना नंबरामागची माणसंच माहीत नाहीत. तुमच्या पोस्टरवरची बाई मेलीये हे त्यांना काल माझ्याकडून कळलं. शिवाय त्यांना लपवायचं असतं तर त्यांनी स्वतःची वही जाळली असती. ती त्यांनी आपण होऊन उघडली. राहिले दोघे."

"मग त्या म्हाताऱ्याला विचारा."

"विचारलं. त्यांना सगळं दडवायचं असतं तर लाल पट्टीच लावली नसती. त्या पट्टीशिवाय ते फुगे कुणाला दिसलेच नसते. आणि त्या फायलीत त्यांची चिठ्ठी होती; बुडणारा माणूस स्वतःची फळी सोडत नाही. शेवटचं, तुमच्या दाराशेजारची पाटी. घरातलं माणूस गेलं तर महिन्यात तपासा. हे तुम्ही सगळ्या जगाला सांगता. एका धाकटीला सांगितलंत, सहा महिने थांब. कारण नवा स्कॅन झाला की दोन वर्षांपूर्वीच्या 'स्वच्छ' स्कॅनबद्दल कुणीतरी विचारणार. आता स्कॅन झालाय. दुसऱ्या हॉस्पिटलात. पाच मिलिमीटर, कडेला टेंगूळ, आणि तिथे तीन आठवड्यांची रांग."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दोन मिलिमीटरचा फुगा हजारो लोक डोक्यात घेऊन फिरतात," ते म्हणाले. "म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने मरतात. आम्ही साठ लोक निवडले. एकालाही नवा फुगा येईना. काम बंद पडायची वेळ आली होती. आणि या दोघी आल्या. नुकती सुरुवात झालेल्या! अशी संधी जगात कुणाला मिळाली नव्हती. फुगा पुसला की त्या धडधाकट, आणि पुढच्या स्कॅनला तो 'नवा' आला असता. मी त्यांना सहा महिन्यांनी बोलावून सांगणारच होतो."

"मग का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी प्रेशरच्या गोळ्या सुरू केल्या असत्या. प्रवाह बदलला असता."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. मी एकतीस वर्षं ठेकेदारांत काढली, गढूळ पाण्याला शुद्ध म्हणून सही करणारी माणसं पाहिली, पण असं काही ऐकलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या अंगावर तो चहा ओतावासा वाटला, हे मी लपवत नाही.

"रिपोर्ट आज विश्वस्तांकडे जाईल," मी उठत म्हटलं.

"आणि मग आजच मला थांबवतील," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला; तो डॉक्टरचा झाला. "नीट ऐका. तो फुगा कुठे आहे, त्याची मान कशी आहे, शेजारून कोणते बारीक धागे गेलेत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी तिला उद्या सकाळी घेतो. इतर कुठे तीन आठवडे थांबावं लागेल, आणि टेंगूळ आलेला फुगा तीन आठवडे थांबेल याची हमी कोणी देणार नाही. तुमचा रिपोर्ट चार दिवसांनी द्या. मी पळून जात नाही. तुम्हाला न्याय हवाय की ती जिवंत हवीये?"

मी दारापाशी उभी राहिले. या माणसाची मला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण तो खरं बोलत होता.

७

बाहेर बाकावर धाकटी होती. चार पावलांत मला सगळं ठरवून टाकता आलं असतं. तिला सांगायचं, उद्या ऑपरेशन आहे, चल. रिपोर्ट माझ्या पिशवीत होता, तो चार दिवस तिथेच राहिला असता. मनात हे आलं, आणि लगेच ध्यानात आलं, की त्या इमारतीतलं प्रत्येक माणूस असंच चार पावलांत दुसऱ्याचं ठरवून मोकळं झालं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. त्यांचे शब्द, जसेच्या तसे. गोळ्यांचंही.

तिने हातातली ती फांदीसारखी धमनी पर्समध्ये टाकली.

"त्यांचा हात खरंच चांगला आहे?"

"सगळे म्हणतात, सर्वांत चांगला."

"आणि तीन आठवड्यांत फुटला तर?"

"तर ताईसारखं होईल. मी तुला फसवणार नाही."

"तुम्ही काय केलं असतं, मॅडम?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. हे मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलं आहे.

ती उठली. "मी त्यांच्यासमोर झोपले आणि उठले नाही, तर ते बाहेर येऊन काय सांगतील, कोण जाणे. मग तपासायला परत तुम्हालाच बोलावतील. आणि परत फाइल नसेल." तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आज द्या. मी रांगेत थांबते."

रिपोर्ट दिला. विश्वस्तांनी दुःख व्यक्त केलं. मोठ्या डॉक्टरांना रजेवर पाठवलं; 'रजा' हा शब्द त्यांनी फार विचार करून निवडला होता. फिल्मवाल्यांचा निरोप समारंभ ठरल्यापेक्षा लवकर झाला. गणितबाईने पोस्टर स्वतःच्या हातांनी उतरवलं, सात वर्षांच्या आकडेमोडीतून त्या दोन ओळी काढल्या आणि पहिल्यापासून मांडायला बसली. उत्तर शून्य आलं, असं तिने मला कळवलं.

धाकटी रोज सकाळी सात वाजता मला एकच शब्द पाठवायची : उठले. तो येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नसे. चौदाव्या दिवशी साडेआठ झाले तरी काही नाही. मी चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं, तेव्हा फोन वाजला. "चार्जर सापडत नव्हता," ती म्हणाली. मी तिला तोंडाला येईल ते बोलले, आणि मग खाली बसून राहिले.

बाविसाव्या दिवशी तिला आत नेलं. ठेंगण्या सर्जनबाईंनी डोकं उघडलंसुद्धा नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार वर नेली, फुग्यात प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरली आणि रक्ताला आत जायची वाट बंद केली. बाहेर येऊन टोपी काढत म्हणाल्या, "सोपा निघाला." आणि पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

दुपारी धाकटीला जाग आली. ओठ कोरडे, आवाज घोगरा. मी चमच्याने पाणी दिलं. तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वेळ लागला, मॅडम?"

"दीड तास."

"फक्त?"

"फक्त."

ताईबद्दल बोलतानाही ही मुलगी माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आता तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि अशी रडायला लागली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स धावत आली. "डोकं दुखतंय का? रडू नका हो, प्रेशर वाढेल."

मी नर्सचा हात धरला आणि म्हटलं, रडू दे तिला.